खिळ्यावरचा बिल्ला

४ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, आधीच कान पकडते. मुख्य कचेरीत आल्यापासून दिवस कसा जातो ते कळत नाही. आमच्या खात्याचं नाव कामगार कल्याण. खोली मोठी आहे, खिडक्या उघडत नाहीत, आणि दाराजवळ थंड पाण्याचं यंत्र आहे. पहिल्या दिवशी मी शेजारच्या बाईंना विचारलं, की पाणी घ्यायचं तर कुणाला विचारावं लागतं का. त्या इतक्या हसल्या की मला माझीच लाज वाटली. पण काय करू? आपल्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. कुठे विचारायचं आणि कुठे नाही, हे सांगणारं कुणी नव्हतं.

आता तुला आवडेल अशी बातमी. शिलाईच्या कारखान्यांतल्या बायकांसाठी काही सुधारणा सुचवा, असं साहेब म्हणाले. मला तू आठवलीस. बाथरूमला जायचं तर हात वर करून सुपरवायझरला विचारायचं, आणि तो अख्ख्या लाइनला ऐकू जाईल अशा आवाजात आता कशाला म्हणून ओरडायचा. हे तू घरी येऊन हसत सांगायचीस, पण त्या दिवशी तुला जेवण जायचं नाही. मी सुचवलं, की प्रत्येक लाइनच्या टोकाला खिळ्यावर एक बिल्ला टांगावा. जिला जायचं तिने तो उचलावा, जावं, परत आणून लावावा. कुणाला विचारणं नाही की सांगणं नाही. साहेबांना ते पटलं! सुरुवात तुमच्याच कारखान्यात होणार आहे.

तेव्हापासून मला झोप नाही. यात काही चुकत तर नाही ना, असं सारखं वाटतं. तू हसशील, म्हणशील, हिला बरं झालं तरी काळजी. पाठ शेकत जा. रागावलीस तरी चालेल, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी,
ठकी

१९ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं. हे उत्तर शेजारच्या मशीनवरची पोर लिहून देते आहे. मी बाह्या जोडते, ती कॉलर जोडते, म्हणून मी तिला कॉलरवालीच म्हणते. अक्षर बरं आहे, पण मी बोलते त्यातलं निम्मं गाळते असा माझा संशय आहे.

तुझा बिल्ला आला गं. लाल आहे, तळहाताएवढा, वर दोरी. पहिल्या दिवशी कुणी हात लावेना. मग बटणवाली उठली, तिने तो गळ्यात अडकवला आणि मंत्रीण निघाल्यासारखी झोकात चालत गेली. लाइन नुसती फुटली हसून. सुपरवायझरचं तोंड बघायला हवं होतंस, कडू काढा प्यायल्यासारखं. मी सगळ्यांना सांगितलं, की ही माझ्या ठकीची अक्कल. बटणवाली म्हणाली, मावशी, आता मिरवून घ्या. मी म्हटलं, मिरवीन नाही तर काय, फुकट मशीन ओढलं का मी इतकी वर्षं?

बाकी तुझ्या पत्रात बाथरूमच लिहीत जा. परवा इथे पाटी लावली, स्वच्छतागृह. आत स्वच्छ काय ते तेवढं सापडायचं आहे.

एक आहे. बिल्ला किती वेळ खिळ्यावर नाही, ते भिंतीवरच्या फळ्यावर लिहितात आणि तेवढा वेळ सगळ्या लाइनच्या कामातून कापतात. आपली लाइन मागे पडली की वर बोलणी बसतात. असू दे. तू जीव टाकू नकोस. वेळेवर जेव, आणि तुझा लोभ आहे तो या म्हातारीवर राहू दे.

तुझी मावशी

ताई, खालचं मी माझ्या मनाने लिहिते आहे. मावशी हसून सांगतात, पण लाइनमधलं हसणं दोन-चार दिवसच टिकलं. आता एखादी उठली की बाकीच्या फळ्याकडे बघतात. पूर्वी एक माणूस आमच्यावर ओरडायचा. आता आम्हीच एकमेकींवर ओरडतो. — कॉलरवाली

२ एप्रिल

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

वेळ कापायचं मी सुचवलं नव्हतं. शपथ. तुझं पत्र घेऊन तशीच साहेबांकडे गेले. ते म्हणाले, मोजलं नाही तर सुधारणा झाली हे कळणार कसं? वरच्यांना आकडे लागतात. ते इतक्या गोड आवाजात बोलले की मी मान डोलावून परत आले, आणि जागेवर बसल्यावर मला सगळी उत्तरं सुचली. हे माझं नेहमीचंच. तू म्हणतेस ना, ठकीचं शहाणपण चपला घालून येईपर्यंत गाडी सुटते.

आता खरं सांग. तू पाणी पितेस ना? पूर्वी निळी बाटली भरून न्यायचीस आणि रिकामी आणायचीस. आता उन्हाळा लागला. तुमच्या छपराचा पत्रा कसा तापतो ते मला माहीत आहे, लहानपणी डबा द्यायला यायचे तेव्हा डोकं भणभणायचं. आणि पाठीसाठी कारखान्यातल्या औषधाच्या डब्यातल्या त्या दुखणं थांबवायच्या गोळ्या घेत असलीस तर रोज घेऊ नकोस. कॉलरवालीला माझा निरोप, की बाटलीवर लक्ष ठेवा.

बाकी मी ठीक. माझ्यावर विसंबून राहा म्हणायचा धीर होत नाही, तरी प्रेम आहे तसं असू दे.

तुझी,
ठकी

२८ एप्रिल

चि. ठकीस,
अ. उ. आ.

पिते गं बाई, पिते. पाणी पितेस का, जेवलीस का, गोळी घेतलीस का. मी तुला वाढवलं की तू मला? इथे उकाडा आहे, पण कुठे नाही? पाय जरा सुजतात, चपलेचा पट्टा लागत नाही. वय झालं की चपला लहान होतात, त्यात काय नवल. हल्ली मला फार जावंही लागत नाही. बटणवाली मला उंट म्हणते. मी म्हटलं, उंट तर उंट, उंटाला कुणी ओरडत नाही.

ऐक, आनंदाची गोष्ट. फळ्यावर आपली लाइन पहिली आली. सुपरवायझरने सगळ्या कारखान्यासमोर सांगितलं, की बिल्ला कसा वापरावा हे या लाइनकडून शिका. मला मनातून बरं वाटलं. तुझं काम फुकट गेलं नाही. तुमच्या साहेबांच्या कानावर गेलं असेलच. तुला शाबासकी मिळाली की मला कळव, आणि लांब आहेस म्हणून जीव लांब करू नकोस.

तुझी मावशी

ताई, मावशी खोटं बोलतात. निळी बाटली घरीच असते. त्या लाइनमधल्या एकट्या अशा आहेत की बिल्ल्याला हात लावत नाहीत. मला दिवस गेले आहेत, मला सारखं उठावं लागतं. मी उठले की बाकीच्या चुळबुळतात. मावशी त्यांना म्हणतात, मी उठत नाही, माझ्या वाट्याचा वेळ हिला द्या. त्यांची पाठ दुखली की गोळी, आणि परत बाही. मी रडले, नको म्हणाले. तर म्हणतात, तुला दोन जीव सांभाळायचे आहेत, मला एकच काम, पोरीचा बिल्ला नीट चालला पाहिजे. लाइन मागे राहिली तर तिच्या साहेबांना वाटेल की तिची अक्कलच चुकीची. मी तुम्हाला हे सांगितलं म्हणून त्यांना बोलू नका. — कॉलरवाली

६ मे

सौ. कॉलरवाली हिला,
स. न. वि. वि.

तुझं नावही मी विचारलं नाही, त्याबद्दल क्षमा कर. मावशीच्या पत्रात तू याच नावाने येतेस, म्हणून तेच हाताला आलं.

मी तिला काही बोलणार नाही. पण तू या आठवड्यात तिला दवाखान्यात ने. ओढून ने. लघवी किती होते, रंग कसा, पायाची सूज, गोळ्या, सगळं डॉक्टरांना तूच सांग. ती सांगणार नाही, ती डॉक्टरांनाच विचारेल तुमचं कसं चाललंय म्हणून.

काल इथे बैठक होती. तुमच्या लाइनचा आकडा पडद्यावर दाखवला आणि साहेब म्हणाले, बघा, बाया समजूतदार असतात, उगीच जात नाहीत. बिल्ला आता सगळ्या कारखान्यांत जाणार. टाळ्या वाजल्या. मी उभी राहिले आणि म्हणाले, की त्या जात नाहीत कारण पाणीच पीत नाहीत. साहेब हसून म्हणाले, तुमचीच कल्पना आणि तुम्हीच तिच्या मुळावर? नंतर एकटीला गाठून म्हणाले, भावनेच्या भरात नोकरी घालवून बसू नका. मी लेखी अर्ज दिला आहे. उत्तर नाही.

तू स्वतःला दोष देऊ नकोस. तू हवं तेव्हा जा आणि भरपूर पाणी पी. माझ्या मावशीजवळ आहेस, ती जागा सोडू नकोस.

तुझी,
ठकी

२१ मे

ताईंस,
स. न. वि. वि.

मला उशीर झाला. दवाखान्यात चला म्हटलं की मावशी म्हणायच्या, सुट्टीला जाऊ. काल जेवणानंतर मशीन सुरू झालं आणि त्यांची बाही सरळ जाईना. मी हसले, म्हटलं, मावशी, आज वाकडी शिवण? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ओळखल्यासारखं नाही, आणि मशीनवरच पुढे वाकल्या. सुपरवायझर आधी म्हणाला, उकाड्याने होतं, तोंडावर पाणी मारा. पाणी मारलं. तोंडावर मारायला पाणी लगेच सापडलं.

दोन्ही मूत्रपिंडं गेली म्हणाले डॉक्टर. दुखणं आतून जुनं होतं, वर्षानुवर्षं रोखून धरल्याचं. पण या उन्हाळ्यात पाणी नाही आणि वर रोज त्या गोळ्या, त्याने उरलंसुरलं संपलं. आता आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवावं लागणार, कायमचं. शुद्धीवर आल्या तेव्हा पहिलं विचारलं, बाहीचा गठ्ठा कुणी पुरा केला. दुसरं म्हणजे, ठकीला कळवू नका.

मी कळवते आहे. या लवकर. मला माफ करता आलं तर करा.

कॉलरवाली

९ जून

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्याजवळून परत आल्यापासून हात कामाला लागत नाही. तुझ्या उशाशी बसले होते तेव्हा तू मला एकदाही रागावली नाहीस, ते मला सहन होत नाही. आता प्यायलेलं पाणी अंगातच साठतं म्हणून डॉक्टरांनी दिवसाला एकच पेला सांगितलाय आणि तू तो पेला उन्हात धरून बघत होतीस, तसं मी तुला कशाकडेही बघताना पाहिलेलं नाही.

आता नीट ऐक. मी मजूर खात्याकडे तक्रार दिली आहे, माझ्या सहीने. बिल्ला मीच सुचवला, हेही त्यात लिहिलं आहे. साहेबांना सांगून टाकलं. त्यांनी मला उद्यापासून घरी बसायला सांगितलंय. म्हणजे आता माझं नाव झाकण्यासारखं काही उरलं नाही, आणि मला हलकं वाटतंय.

खात्याच्या निरीक्षकबाई तुझ्याकडे येतील. बटणवाली आणि बाकीच्या घाबरल्या आहेत, कुणी बोलत नाही. कॉलरवाली तुझ्याजवळ राहायला म्हणून रजेवर आहे, तिला परत घेतात की नाही ते लोंबकळतंय. बाई म्हणाल्या, सगळं तुझ्या जबानीवर आहे. तू सांगितलंस तर बिल्ला तिथून निघेल आणि दुसरीकडे जायचा थांबेल. नाही तर महिन्याभरात सगळीकडे टांगलेला असेल. तू फक्त खरं सांग: तहान लागायची, तू प्यायची नाहीस, आणि का. माझ्यासाठी काही लपवू नकोस. मी सामान बांधते आहे, थोड्याच दिवसांत येते. तोवर जीव धरून राहा, आणि मला आपली म्हण.

तुझी,
ठकी

१० जून

चि. ठकीस,
अ. उ. आ.

काळजी करू नकोस, मी सगळं निस्तरलं. आज सकाळी मजूर खात्याच्या बाई आल्या होत्या. चांगल्या घरच्या वाटल्या, चपला दाराबाहेर काढल्या. कुणी तरी तक्रार केली म्हणे. मी मनात म्हटलं, कोण गं ही काडी घालणारी, आता माझ्या पोरीचं नाव कागदावर चढवील. बाईंनी फार खोदून विचारलं. बिल्ल्याचा त्रास व्हायचा का? मी म्हटलं, छे, उलट सोय झाली. मग पाणी का प्यायचा नाहीत? मी म्हटलं, मला लहानपणापासून तहानच लागत नाही. बाई माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं, मी अंगठा दिला.

तेव्हा आता तुझ्यावर काही येणार नाही. तू खाली मान घालून नोकरी कर. पुढच्या वेळी आलीस की ती निळी बाटली घेऊन जा, इथे पडून आहे. तुला शोभेल. तुझ्या जिवाला जप, म्हणजे माझा आपोआप जपला जाईल.

तुझी मावशी

ताई, वरचं पत्र त्यांनी काल सांगितलं, टाकायचं राहिलं होतं. तुमचं नऊ तारखेचं आज दुपारी आलं. मी वाचलं आणि घडी घातली. तशीच निरीक्षकबाईंकडे धावले, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, जिचं शरीर गेलं तिनेच कारण नाकारलं आहे, आता तुझं मी कुठे लिहू? कारखान्यात आज दुसऱ्या कारखान्यांना पाठवायच्या नव्या बिल्ल्यांची पेटी आली, असं बटणवाली सांगून गेली.

पत्र अजून त्यांना वाचून दाखवलेलं नाही. त्या भिंतीला टेकून बसल्या आहेत, आणि ठकीचं काही आलं का म्हणून विचारताहेत. आणि पाणी मागताहेत. आजचा पेला सकाळीच संपला. — कॉलरवाली