अकरा पेपर बाजूला काढायचं कारण

३ जून, जालना
पुण्यातली तिसरी नोकरी सोडून आल्तो, दोन दिवस डॉक्टरताईकडं टेकावं म्हणून. तिनं लॅपटॉपच पुढ्यात ठेवला. कपाशी फवारताना हातमोज्यानं विषबाधा टळते का, यावर झालेले सगळे अभ्यास ती एकत्र करून राह्यली. जोडीचा डॉक्टर सुटीवर, म्हणून मी. इंग्रजीचं मराठी मोबाइल करून देतो. अभ्यासाचा एकेक छापील पेपर वाचायचा, कामाचा नसला तर बाजूला काढायचा, अन् का काढला ते लिहायचं. सोपंय.

४ जून
सोपं न्हाई. सात वाचले. आठवा एकोणतीस पानांचा. तेवढ्यात वडीगोद्रीहून दोस्ताचा, पक्याचा फोन, हॉटेल टाकलंय, ये. गेलो.

६ जून
परत. उरलेले अकरा न वाचताच बाजूला. कारणाच्या रकान्यात सगळ्यांपुढं 'विषय जुळत न्हाई'. ही आमच्या नानांची शिकवण. ते गावाकडं धावड्यात सोयरिकी जुळवतात. म्हणतात, "नकाराचं खरं कारण सांगू नाही. पत्रिका जुळत न्हाई म्हणावं, दोन्ही घरं राजी."

९ जून
ताई खुश. निष्कर्ष तयार: हातमोजे घाला, बिनघोर फवारा. परवा अहवाल तिच्या मोठ्या सरांकडं जाणार, मंग गावोगाव पत्रकं. मला शर्ट घेणार म्हणे.

१० जून
ताईनं सहज बाजूला काढलेल्यातला एक उघडला. मला पूर्ण नावानं हाक.
"काय जुळत न्हाई ह्याचं? कपाशी हाय, फवारणी हाय, हातमोजे हायेत."
नानांचं सांगितलं. ती म्हणाली, "माझं पहिलं स्थळ पत्रिकेवरच मोडल्तं. दोन वर्षं पत्रिकेला शिव्या देत बसले."
"खरं काय होतं?"
"अजून माहीत न्हाई. तेच सांगून राह्यले तुला."

११ जून
दोघांनी मिळून चार वाचले. दोन म्हणतात, फाटका हातमोजा विष आतच धरून ठेवतो, त्यापेक्षा नसलेला बरा. ताईनं सरांना फोन केला, अहवाल आज पाठवत न्हाई. पलीकडून बराच आवाज. इकडून नुसतं "हो सर".

१२ जून
अजून सात वाचायचे राहिले. निष्कर्षाचं पान कोरं. ताई म्हणे, अहवालात लिही, 'अकरा पेपर आधी न वाचता काढले, मग वाचले.'
"हे छापणार?"
"छापणारच."
"अन् माझं नाव?"
"मदत करणाऱ्यांची नावं देतातच."
आईला फोनवर बोललो. ती गल्लीभर सांगून आली, पोराचं नाव छापून येणार. कशापायी, ते अजून तिला सांगितलं न्हाई.