ताऱ्यावरची खोळ

३ ऑक्टोबर
गाडीला तारा लागला! लाल पाटीवर एकच, पितळी. बेडपॅन उचलता उचलता इथवर आले. ब्रिगेडियर शोशाम्मा — दोनदा लिहून पाहिलं, छान दिसतं!

रीत अशी की अधिकारी गाडीत असला की तारा उघडा, नसला की त्यावर खोळ. ड्रायव्हर रतिरामला नीट समजावलं. "समजलं जी."

५ ऑक्टोबर
समजलं म्हणे! सकाळी मी बसले तर खोळ तशीच. गेटवरच्या पहारेकऱ्याने ढुंकूनही पाहिलं नाही. दुपारी वर्कीच्चन — माझा नवरा, मला घरी न्यायला केरळातल्या पाला गावाहून येऊन बसलाय — सदर बाजारात मासे आणायला गेला, तर तारा लखलखीत उघडा! गेटवर खाडकन सलाम.

"मग तू काय केलंस?"

"मीही ठोकला. डाव्या हाताने. उजव्यात रोहू होता."

रतिरामला झापलं. तो शांतपणे म्हणतो, "गाडीत साहेब होते ना जी. तुम्ही तर सिस्टर." कप्पाळ माझं!

८ ऑक्टोबर
रुग्णालयाचे कमांडंट खुल्लर. डॉक्टर. तेही ब्रिगेडियर, तेच तर दुखणं. बोलावून म्हणाले, "शोशाम्माजी, पोर्चमध्ये दोन-दोन तारे बरे दिसत नाहीत. आमच्या मिसेसचं डोकं दुखतं."

तारा माझा, डोकं त्यांच्या बायकोचं!

"नर्सिंगवाल्यांनी तारा लावावा का, अशी वर विचारणा केलीय. तोवर खोळ राहू द्या. तसाही महिनाअखेरपर्यंतचाच प्रश्न."

महिनाअखेरीला मी निवृत्त. दिल्लीतल्या निवड मंडळाने मेजर जनरल केलं, तरच नाही. मग सगळ्या लष्करी नर्सिंगची प्रमुख. खुल्लर हसले — "दिल्लीत तुमचं कोण आहे?" कोणी नाही. पण मला ते पद हवंय. इथे तरी लिहिते — फार हवंय.

१२ ऑक्टोबर
आमंत्रण आलं — "ब्रिगेडियर आणि श्रीमती शोशाम्मा." बड्या अधिकाऱ्यांच्या श्रीमतींनी लोणच्याच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून बसायचं, ही इथली प्रथा. आता माझी श्रीमती कुठून आणू? मी वॉर्डात अडकलेली. वर्कीच्चन कडक इस्त्रीचं मुंडू नेसून गेला!

मिसेस खुल्लरांच्या लोणच्याला तिसरा नंबर. "तीनच बरण्या होत्या," म्हणाला. आता त्यांचं डोकं खरंच दुखत असणार.

१९ ऑक्टोबर
दिल्लीहून काही नाही. जेवताना वर्कीच्चन म्हणाला, "शोशे, घरी चल. रबराची झाडं गुपचूप चीक देतात, सलाम मागत नाहीत."

"आणि दिल्लीने बोलावलं तर?"

"तर मी काय करू तिथे? लोणची चाखू?"

हसले. मग मीच चिडले, नको ते बोलले. ताट अर्धं टाकून उठला. त्याचं तरी काय चुकलं? आमचा संसार म्हणजे सुट्ट्यांची बेरीज. त्याने स्वयंपाकघर नवं बांधून घेतलंय, माझ्या उंचीचा ओटा. ओट्याचं आज सांगितलं.

२४ ऑक्टोबर
फोन वाजला. धावले. धोबी होता.

२७ ऑक्टोबर
निरोप समारंभ उरकला. खुल्लर भाषणात म्हणाले, "शोशाम्माजी म्हणजे आमच्या रुग्णालयाची आई!" टाळ्याच टाळ्या. आईला तारा कशाला लागतो? प्रेशर कुकर दिला. घरी आले तीही खोळ घातलेल्या गाडीतून. वर्कीच्चन कुकर मांडीवर घेऊन बसला होता. "शिट्टी चांगली वाटते," एवढंच म्हणाला. मी खिडकीकडे तोंड करून रडले.

३० ऑक्टोबर
वर्कीच्चन आज गावी गेला. एकटाच. कुकर घेऊन.

काल दिल्लीचा फोन आला — मेजर जनरल! पाठोपाठ खुल्लरांचा — "मॅडम, भेटायला कधी येऊ?" शोशाम्माजी गेल्या, मॅडम आल्या. "विचारणेचं उत्तर आलं का?" मी विचारलं. पलीकडे नुसता खोकला.

वर्कीच्चनने ऐकलं आणि कुकर पिशवीत भरायला घेतला. मग म्हणाला, "ओटा कुठे पळून जातोय?"

आज सोडायला गेले, तर स्टेशनाबाहेर उतरला, गाडीच्या पुढे गेला आणि ताऱ्यावरची खोळ स्वतःच ओढून काढली. रतिराम बघतच राहिला. मग वर्कीच्चनने कुकर खाली ठेवला आणि मला सलाम ठोकला.

उजव्या हाताने.