कार्ड मामाचं, केबल माझी

तीर्थरूप मामास भाच्याचा टेबलाखालून नमस्कार. टेबलाखालून अशासाठी, की गेले दोन दिवस माझा मुक्काम बराचसा तिथेच आहे; कारण पुढे येईलच. तुझी तब्येत कशी आहे? डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली की अजून लहान मुलासारखा घरभर पळतोस का? भिंग घासताना काही अडलं की चष्म्याच्या दुकानातले लोक आजही तुला विचारायला घरी येतात, हे मामीने कळवलं, ते वाचून फार बरं वाटलं. (मामी, मामाला वाचून दाखवताना कंसातलं मोठ्याने वाचायचं नाही, मनातल्या मनात वाचायचं. हेसुद्धा.) एरवी मी तुला नुसतं 'मामा' म्हणतो आणि आज एकदम 'तीर्थरूप' कुठून आलं, असं तुला वाटलं असेल. तर मामा, गुन्हा कबूल करायचा असला की माणूस आपोआप अदबीने बोलायला लागतो. बसून ऐक.

तू मला तुझं ग्राफिक्स कार्ड दिलंस तो दिवस मला लख्ख आठवतो. चष्मे पुसायच्या मऊ फडक्यांत गुंडाळलेलं, जोड्यांच्या खोक्यात ठेवलेलं. तुझ्या डोळ्यांना मधलं सगळं पुसट आणि कडेचं तेवढं दिसू लागल्यावर तू कॉम्प्युटरवरचा विमानाचा खेळ बंद केलास आणि म्हणालास, हे कार्ड माझ्याकडे बसून गंजेल, तू ने, तू बघ आणि मला लिही. फोन नको म्हणालास; फोन ठेवला की संपतो, पत्र पुन्हा ऐकता येतं. त्या दिवशी मी गहिवरलो होतो, आणि गहिवरलेल्या माणसाने स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ नये, हे मला कोणी सांगितलं नाही. खोलीवर आल्या आल्या मी कॅबिनेट उघडलं, कार्ड बसवलं, कट्‌ असा आवाजही आला. आता राहिली मॉनिटरची केबल. कॅबिनेट भिंतीला टेकलेलं, त्यावर पुस्तकांचा ढीग, ढिगावर माझ्या खोलीतल्या जोडीदाराचा ओला टॉवेल. (तो कायद्याचा विद्यार्थी आहे, सगळे त्याला 'वकील' म्हणतात, आणि टॉवेल कुठे वाळवावा याबद्दल कोणताही कायदा त्याला मान्य नाही.) एवढं सगळं हलवण्यापेक्षा मी मागे हात घातला आणि चाचपडत केबल लावू लागलो. एका जागी ती जाईना. शेजारच्या जागी गेली. जिथे गेली तीच तिची जागा, असं मी ठरवलं. कॉम्प्युटर सुरू झाला, चित्र आलं, मी टाळी वाजवली.

आता माझी खरी फजिती ऐक. खेळ सुरू केला की विमान बैलगाडीसारखं चालायचं. वळायला सांगितलं की जरा विचार करून वळायचं. पण तुझ्या कार्डात खोट असेल ही शंकाच माझ्या मनाला शिवली नाही, आणि माझ्यात असेल ही तर अजिबातच नाही, कारण मी कॉम्प्युटरच्याच शाखेत दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणजे दोष बाकीच्या कॉम्प्युटरचा. मग मी रॅम वाढवली. (ती कशी मिळवली ते तुलाच सांगतो, मामी: वर्गातल्या एकाच्या प्रॅक्टिकलच्या वह्या महिनाभर मी लिहिल्या. आईला कळवू नकोस.) नंतर प्रोसेसर थंड राहावा म्हणून त्यावर लावलेली जुनी पेस्ट खरवडून नवी लावली, ती वाटाण्याएवढी लावायची असते, मी दात घासायला घेतात तशी घेतली. मग मोठा पंखा आणला. मग दुसरा मोठा पंखा आणला. आता कॉम्प्युटर लावला की खालच्या मजल्यावरची घरमालकीण वर बघते. प्रत्येक बदलानंतर मी खेळ सुरू करायचो आणि मला फरक दिसायचा. खरंच दिसायचा, मामा, शपथ. वर्गातली चार टाळकी गोळा करून मी त्यांना पडद्याजवळ बसवलं आणि ग्राफिक्स म्हणजे काय यावर तासभर व्याख्यान ठोकलं. चौघांनीही माना डोलावल्या. एकाने तर ढग इतके खरे वाटतात की कपडे आत घ्यावेत, असं सांगितलं. वकील तेवढा कोपऱ्यातून म्हणाला, "मला काहीच फरक दिसत नाही." मी त्याला म्हणालो की नजर असावी लागते, आणि ती कायद्याच्या पुस्तकात मिळत नाही.

सात महिने असे गेले. परवा तिसरा पंखा बसवताना कुठलासा स्क्रू आत पडला आणि सगळंच बंद पडलं, म्हणून मी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. हा गृहस्थ अतिशय कमी बोलतो. त्याने पुस्तकं उतरवली, टॉवेल दोन बोटांत धरून वकिलाच्या हातात दिला, कॅबिनेट हलवून स्क्रू पाडला आणि ते फिरवून मागची बाजू पाहिली. बराच वेळ पाहिली. मग मॉनिटरची केबल एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी लावली आणि कार्ड कधी घेतलं, असं विचारलं. मी सात महिने म्हणालो. तो म्हणाला, "आज सुरू झालं." एवढं बोलून तो जिना उतरला. वकील हसला नाही. तो हसला असता तर मला सोपं गेलं असतं.

म्हणजे मामा, सात महिने तुझं कार्ड माझ्या कॉम्प्युटरमध्ये नुसतं बसून होतं. पडद्यावर यायचं ते कॉम्प्युटरचं मूळचं, गरिबाघरचं चित्र. कार्डाच्या जागेत केबल का जात नव्हती तेही कळलं. तिथे तू प्लास्टिकचं टोपण लावलं होतंस, धूळ जाऊ नये म्हणून, आणि टोपणावर कागदाची पट्टी चिकटवून जाड पेनाने लिहिलं होतंस: 'आधी हे काढ.' अक्षरं एकमेकांवर चढली आहेत, 'काढ' तर पट्टीच्या बाहेरच गेलाय. दुरुस्तीवाल्याने काढून टाकलेलं ते टोपण घेऊन मी टेबलाखाली बसून ती पट्टी किती वेळ वाचत होतो, मलाच माहीत नाही. ज्याला दिसत नाही त्याने बसून लिहिलं, आणि ज्याला दिसतं त्याने बघितलंसुद्धा नाही. मला फार लाज वाटली.

आता त्याहून वाईट गोष्ट. मी तुला दर पंधरा दिवसांनी जे लिहीत होतो, ते काय होतं? पावसाने ओल्या धावपट्टीत विमानाचे दिवे उलटे दिसतात, असं मी लिहिलं होतं; तू मामीकडून निरोप धाडलास, त्या दिव्यांबद्दल पुन्हा लिही. मी पुन्हा लिहिलं, दुप्पट लिहिलं. प्रत्यक्षात पडद्यावर करड्या रंगाची एक फरशी होती. मी थापा मारत होतो का? परवापासून मी हाच विचार करतोय. आणि मग आठवलं की मी पाच-सहा वर्षांचा असताना तू मला मांडीवर घेऊन हाच खेळ खेळायचास, आणि तुझा तेव्हाचा कॉम्प्युटर तर याहून मठ्ठ होता. पडद्यावर हिरवे-निळे चौकोन असायचे आणि तू कानाशी सांगायचास: ते बघ, पाऊस पडून गेलाय, धावपट्टीत दिवे उलटे दिसतायत. मला दिसायचे. मी सात महिने तुला तुझंच वाचून दाखवत होतो, मामा. थाप असेल तर तिची सुरुवात तुझ्याकडे आहे, हे वकिलाने नोंदवून ठेवायला सांगितलंय.

काल केबल बरोबर असताना पहिल्यांदा पावसात उडालो. दिवे उलटे दिसतात, पण अगदी तसे नाहीत. ते थरथरतात, आणि चाकं टेकायच्या आधी लांब होत जातात. हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. तुला सांगावं असं वाटलं, म्हणून पत्र. काळजी घे. थेंब वेळेवर घाल.

तुझा, सात महिने आंधळा,
भाचा

ता. क. पंखे मी कमी करतोय. दोन उरतील. एक घरमालकिणीला देऊ केला, तिने घेतला नाही.

ता. क. २. आणखी एक कबुली. पत्रांतली माझी सगळी विमानं सुखरूप उतरायची, ते साफ खोटं. मी आजवर एकही विमान नीट उतरवलेलं नाही. इतके दिवस चित्र अडखळतं म्हणून पडलो असं स्वतःला सांगायचो. काल चित्र लोण्यासारखं चालत होतं आणि मी तीन वेळा पडलो. आता दोष द्यायला कॉम्प्युटरमध्ये काही शिल्लक नाही. शिकवायला कोणीतरी हवंय, आणि दुरुस्तीवाल्याला उडवता येत नाही, मी विचारलं.

ता. क. ३. (मामी, तू मागच्या पत्राच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं होतंस की मामाने कार्ड दिलं पण विमान चालवायचा खेळाचा दांडा दिला नाही, कपाटात ठेवलाय आणि दर आठवड्याला काढून पुसतो. हे तू मला सांगितलंस हे मी कुणालाही सांगणार नाही. पण कंसातलं इथून पुढचं तेवढं मोठ्याने वाच: मामा, सुट्टीत ये. दांडा घेऊन ये. समोर काय आहे ते मी कानाशी सांगेन, हात तुझे. विमान धावपट्टीच्या जरा अलीकडे हवेतच थांबवून ठेवलंय, खेळात तशी सोय आहे. चाकं खाली काढली आहेत. पाऊस पडून गेलाय.)