व्हिस्कीच्या बाटलीतली रम

त्या सकाळी पाणी भरलं, भांडी घासली, मुलाच्या दप्तराचा उसवलेला पट्टा शिवला. हे कामावर गेल्यावर कपाटातली व्हिस्की मोरीत ओतली आणि त्या बाटलीत रम भरली.

मी, सुताराची विधवा, वय अडुसष्ट, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. बाटलीची गोष्ट आधी सांगितली, कारण पुढची वाटणी तिच्यावर उभी आहे.

घरात सगळे मानत, बियरने हे हसतात, रमने गातात, व्हिस्कीने हात उचलतात. सासूबाई म्हणत, "माणूस सोन्यासारखा आहे गं, ती व्हिस्कीच मेली वाईट." मीही मानलं. काय प्यायले, काय केलं, ते त्या दिवसापर्यंत अकरा वर्षं वहीत लिहिलं.

त्या संध्याकाळी पहिल्या घोटाला हे म्हणाले, "आज गोड लागतेय." मी गाण्याची वाट पाहत बसले. दुसऱ्या पेल्यानंतर माझं उजवं मनगट मोडलं. सकाळी म्हणाले, "व्हिस्की चढली की मी माझा राहत नाही."

मग आठवलं, मालकांच्या घरी हीच व्हिस्की पिऊन हे हात जोडून "साहेब, साहेब" करत. पुढे वाचनालयातल्या पुस्तकात वाचलं: बाटल्या निराळ्या, आतलं अल्कोहोल एकच, किती आणि किती भराभर घेतलं, यावर बरंच अवलंबून. कोणावर हात उचलायचा, हे पुस्तकात नव्हतं. ते यांना ठाऊक होतं.

त्यांना जाऊन सोळा वर्षं झाली. ते गाणं अजून कानात आहे. तेही खोटं नव्हतं.

१. राहतं घर एकट्या सुनेच्या नावे. मुलाने तिथे राहायचं की नाही, हे ती ठरवील.

२. हत्यारांची पेटी मुलाला. रंधा, करवत, पटाशा उत्तम आहेत. हातोडी पेटीत नाही, शोधू नये.

३. बँकेतली ठेव नातीच्या शिक्षणासाठी.

४. वही सुनेला. गेल्या रविवारी तिच्या मनगटाला पट्टी होती. विचारलं तर म्हणाली, "दारात सापडलं, आई. आणि त्यांना वाइन सोसत नाही. आता मी बियरच आणून ठेवते." मुलगा हसत म्हणाला, "बघ, बाबांसारखा नाही मी." पोरी, वही शेवटच्या पानापासून वाच.

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली. दिनांक ९ मार्च.
सही: सुताराची विधवा
साक्षीदार: शेजारची शिंपीण, वाचनालयाचे ग्रंथपाल

सह्या झाल्यावर, दोघांसमोरच जोडलेलं कलम:

५. मागच्या खोलीच्या दाराची कडी सुनेने कधीही काढू देऊ नये. ती यांनी बाहेरून बसवली होती. मनगट मोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी डाव्या हाताने तिचे स्क्रू काढले आणि ती आतून बसवली.