घरचं नाव पहिल्या ओळीत

शिवाजीनगर, बेंगळूरु
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

चि. गुरुदत्त,

आशीर्वाद लिहितो आहे. घ्यायचे की नाही, ते पत्र संपल्यावर ठरव.

मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, त्यामुळे जिना फारसा उतरत नाही. कोपऱ्यावरचं गुलाबी फुलांचं झाड यंदा लवकर फुललंय. खिडकीतून ते दिसलं की शाळेतल्या कविता आपोआप ओठांवर येतात.

रविवारी सूनबाईचा, सुप्रीताचा, फोन आला. "अण्णा, हे म्हणतात आता पुरे. अनुषाला घराजवळच शिकवणी बघतो." मी होकाराचं "सरी" म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून त्या एका शब्दाची लाज वाटते आहे.

शनिवारी झालं ते असं. इंग्रजी क्रियाविशेषणांच्या तुलना शिकवत होतो. शेजारची शिल्पाश्रीही येऊन बसली होती. फळ्यावर लिहिलं, अनुषा रीड्स क्लिअरली. शिल्पाश्री रीड्स मोअर क्लिअरली. तिसऱ्या ओळीत रेडिओवर बातम्या देणारी बाई, मोस्ट क्लिअरली. शिल्पाश्री खुदकन हसली. अनुषाने पेन्सिल खाली ठेवली.

"आजोबा, ती तर अडखळते. मग मी सगळ्यांत कमी का?"

"घरचं माणूस पहिल्या ओळीत असतं, पुट्टी. आपली रीत आहे."

"अप्पा तुमच्या वर्गात होते तेव्हाही?"

मी फळा पुसला.

तू खाली गाडीत होतास. हेब्बाळहून एवढ्या गर्दीतून दर शनिवारी तिला आणतोस, न्यायला येतोस, हॉर्न एकदाच वाजवतोस. वर येत नाहीस. गाडीत बसल्यावर तिने तुला काय विचारलं असेल, याचा अंदाज मला आहे.

वर्गात माझ्या प्रत्येक उदाहरणात पहिलं वाक्य तुझं असायचं, म्हणजे सगळ्यांत कमी तू. मास्तरांचा मुलगा म्हणून कुणी बोट दाखवू नये, एवढंच डोक्यात. पोरं हसायची, तूही हसायचास, म्हणून मला ते गमतीचं वाटत राहिलं. पण कवितापठणाच्या दिवसाबद्दल मी आजवर बोललो नाही. छत्तीस वर्षं झाली.

तू नदीवरची कविता म्हटलीस. शेवटच्या कडव्याला मागच्या बाकांवरची कुजबुजही थांबली. परीक्षक म्हणून मी कागदावर तुझं नाव पहिलं लिहिलं. तेवढ्यात हेडमास्तर कृष्णाजी चहाचा कप घेऊन शेजारी वाकले. "काय राव, आज बक्षीस घरीच नेणार वाटतं?" ते हसले. मीही हसलो. आणि प्राणेशला पहिला करून तुला तिसऱ्यावर टाकलं.

घरी येताना तू विचारलंस, "अण्णा, माझं कुठे चुकलं?"

मी म्हणालो, "दुसऱ्या कडव्यात गडबडलास."

तू गडबडला नव्हतास.

त्यानंतर घरात तुझ्या तोंडून कविता ऐकली नाही. मी लोकांना सांगत राहिलो, मुलाला गणिताची ओढ आहे.

तो कागद सोबत ठेवला आहे. पेन्सिलीने लिहून खोडलेलं तुझं नाव अजून वाचता येतं. इतकी वर्षं का जपला, ते नीट सांगता येणार नाही. फेकायचा धीर नव्हता, दाखवायचाही नव्हता.

अनुषाने माझ्याकडे यावं की नाही, हे तूच ठरव. पण ती शिल्पाश्रीपेक्षा स्पष्ट वाचते, आणि मला ते ऐकू आलं होतं. तिला हे मीच सांगायला हवं. शनिवारी चारला ती आली, तर फळ्याला हात लावण्याआधी तेवढंच सांगेन, शिल्पाश्रीच्या देखत.

हॉर्न वाजला नाही, तर समजून घेईन. वाजला, तर तू गाडीतच बस. जिना मी उतरून येतो.

तुझ्या कवितेचा खोटा परीक्षक,
अण्णा