मागची सीट

बाबा, चौथं मॉडेल मी बनवलेलं. कारखान्यानं नाय. तुमच्या वहीतलं शेवटचं पान सगळं खोटं हाय.

तुम्ही सातवी, मी बारावी नापास, तरी घरात इंग्रजी वाचणारा मीच. पोलादपूरच्या आपल्या गॅरेजात ट्रकखालून बाहेर आलात की हात पुसत म्हणायचात, "वाच रे, काढ मोबाईल." तुमच्या त्या लाडक्या विलायती गाडीबद्दल मी अडखळत वाचायचो, तुम्ही वहीत उतरवायचात. पहिलं मॉडेल: इंजिन सीटमागं, मागच्या चाकांच्या पुढं, सांगाडा ॲल्युमिनियमचा, वेल्डिंग नाय, चक्क चिकटवलेला, वजन दोन रिक्षांएवढं. दुसऱ्यात तोंड बदललं, मग जपानी इंजिन. तिसऱ्यात दिवे. सगळं तुम्हाला पाठ. मी शाळेत होतो तेव्हा कितवीत, ते मात्र आईला विचारायचात. आणि त्या गाडीला सीटा दोनच. घरात आपण तिघं.

तिसऱ्यानंतर गाडी बंद झाली, असं मोबाईलवर होतं. मी वाचलं, "चौथं मॉडेल. मागं एक छोटी सीट."

"मग इंजिन कुठं गेलं रे?"

"सीटखाली. निजवलंय."

तुम्ही डोकं खाजवलंत. "हुशार हायत साले," म्हणालात आणि लिहिलंत. मी तोंड फिरवून हसलो.

मग एक दिवस कशेडी घाट उतरताना बुडाला दगड लागला म्हणून मुंबईची पार्टी आली, आणि ती खरी गाडी आपल्या दारात. तुम्ही चप्पल काढून तिच्याजवळ जाताय, मला अजून दिसतंय. काम झाल्यावर वही उघडून विचारलंत, "चौथ्यात मागं सीट दिलीय ना?"

मालक हसला. "काका, मागे इंजिन असतं! पोरांना काय त्याच्यावर भाजायचं? चौथं आलंच नाही हो, बंद झाली गाडी." त्याचे दोस्तही हसले.

तुम्ही नाय हसलात. "माझ्या पोरानं इंग्रजीतून वाचून दाखवलंय. मस्करी करतो तो, पण गाडीच्या बाबतीत खोटं नाय बोलणार." आणि माझ्याकडं बघितलंत.

मी म्हणालो, "नेटवर तसंच होतं. मी काय करू?"

त्या दिवसापासून 'वाच रे' बंद. एक शिवी तरी हासडायचीत. कान तरी पिळायचात. काय नाय. वही फळीवर टाकलीत ती टाकलीतच, आणि शिमग्याच्या आत देवाघरी निघून गेलात. माफी मागायला पण जागा ठेवली नाय. त्याचा राग येतो तुमचा, खरं सांगतो.

आता दर दसऱ्याला आई पाटावर पाना-पक्कड, जॅक मांडते आणि मधोमध ती वही, शेवटचं पान उघडून. हळद-कुंकू, झेंडू. म्हणते, "पड पाया. बोलले नाय कधी, पण जाताना तुझ्यासाठी सीट लिहून गेले बघ."

मी पडतो. अक्षर तुमचं, सीट माझी मीच टाकलेली.

हे कुठं पाठवायचं नाय, म्हणून लिहिलं. तिकडं आजी भेटली तरी बोलू नका, ती आईच्या स्वप्नात येऊन सांगेल. हात जोडतो बाबा, कुणाला म्हणजे कुणाला सांगू नका.