मडकी परत घेऊन जाण्याबाबत

श्रीवर्धन,
होळीनंतरचा मंगळवार

चि. धनेशला नलूमावशीचे आशीर्वाद.

तुझा खोकला गेला का? दिपाली काढा देते, की नुसत्या गोळ्या? माझी तब्येत ठणठणीत आहे, तेव्हा तिची चौकशी करण्यात वेळ घालवू नकोस (तसा तो तू घालवतही नाहीस).

आता तुमच्या कृषी विद्यापीठाबद्दल. जानेवारीत तू जीपभर पोरं घेऊन आलास, माझ्या आणि दगडी गडग्यापलीकडच्या शहरबानूच्या वाडीत झाडाझाडाशी मडकी पुरलीस आणि भाषण ठोकलंस, की उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात, मडक्यातलं पाणी मुळांशी झिरपतं, आठवड्यातून एकदा भरलं की झालं. खरंच झालं. वांगी लगडली आहेत, जायफळ तरारलंय, विहिरीला पाणी आहे. यासाठी तुम्हा सगळ्यांना ओळीनं बाकावर उभं केलं पाहिजे.

कारण, शहाण्या, पूर्वी रोज संध्याकाळी मी गडग्याच्या अलीकडे आणि ती पलीकडे, अशा नळ्या घेऊन तासभर उभ्या असायचो. (बँक सोडून मला इतकी वर्षं झाली तरी ती मॅडमच म्हणते. मी तिच्या अबोलीला नावं ठेवते.) तिच्या लेकीला, अक्साला, मागणी आली होती. “मॅडम, पोऱ्याची आई आली, सोफ्यावर बसली, आनि काय बोलली म्हायती?” इथे तुझी जीप हॉर्न वाजवत आली. काय बोलली, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

जाऊन विचार, म्हणशील. काम नसताना कोणाच्या गडग्याशी रेंगाळायचं नाही, हे आम्हाला कॉन्व्हेंटात नन्सनी पट्टीनं शिकवलंय. आणि शहरबानूला वाटत असणार, मॅडम वाचत बसल्या असतील. मॅडम पंख्याकडे बघत बसलेल्या असतात. मडकी ती शुक्रवारी भरते, मी सोमवारी. परवा धुणंभांडी उरकून निघालेल्या भागुबाईला थांबवून मी तिच्या कोंबड्यांची नावं विचारली, तर म्हणाली, “बाय, बरं हाय ना तुमाला?”

तेव्हा मडकी घेऊन जा.

तुझी,
नलूमावशी

ता. क. पत्र पेटीत टाकायचं राहिलं. मडकी न्यायला येऊ नकोस. आज दुपारी ती वानरांनी फोडली. सगळी. (हातोडी पुसून जागेवर ठेवली, हे विशेष.)

आणखी ता. क. पाकीट चिकटवते आहे तोच गडग्यापलीकडूनही मडकी फुटल्याचे आवाज आले. तिच्याकडची वानरं वरवंटा वापरत असावीत. चौकशीला आलास तर आम्ही दोघी एकच सांगू. विहिरीची काळजी नको. नळीचं तोंड बोटानं दाबून धरू, म्हणजे पाणी थोडं लागतं आणि वेळ फार.

तुझ्या भाषणाच्या भरात मी माझी नळी भागुबाईला देऊन टाकली. नवी घेऊन ये, गडग्यापर्यंत पोचेल इतकी लांब. आणि या रविवारीच ये. पोऱ्याची आई अजून सोफ्यावरच बसलेली आहे.